मला तो आवडतो



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं. आजच्या विषयाचं नाव वाचून ते काय म्हणाले असते, याचा मी दोन दिवस विचार करतोय. बहुधा चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं असतं, "विग्रह काय?"

पत्रिकेवर 'अँड्रोफिलिया' असा शब्द छापला आहे. मघाशी दारातच एका गृहस्थांनी मला थांबवलं. "हिमोफिलियासारखाच काही रक्ताचा आजार का हा?" तुमच्यापैकी आणखी काहींच्या मनात हे आलं असेल, म्हणून सुरुवातीलाच सांगतो. रक्ताशी याचा संबंध नाही, आजाराशी तर नाहीच नाही. शब्द ग्रीक मुळांचा आहे. 'अँड्रो' म्हणजे पुरुष, 'फिलिया' म्हणजे प्रेम, ओढ. पुरुषांकडे किंवा पुरुषीपणाकडे असलेली ओढ म्हणजे अँड्रोफिलिया. स्त्रियांकडे असलेली ओढ, ती गायनेफिलिया. मराठीत मी 'पुरुषानुराग' आणि 'स्त्री-अनुराग' म्हणेन. हा झाला विग्रह. गुरुजींचं समाधान झालं असावं.

पण तुम्ही म्हणाल, 'समलिंगी', 'भिन्नलिंगी' हे शब्द आहेतच की! तेच तोंडात बसायला इतकी वर्षं गेली, आता आणखी एक कशाला? रास्त प्रश्न आहे. मलाही तो पडला होता. त्याचं उत्तर मला विद्यापीठात मिळालं नाही. एका जोगत्याकडून मिळालं.

काही वर्षांपूर्वी आरोग्याच्या एका प्रकल्पाची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. भाषांतर झालं आणि ते लोकांना कळतंय का, हे पाहायला दक्षिण महाराष्ट्रातल्या एका गावी बैठक ठेवली. दहा-बारा जण आले. त्यात यल्लम्माला सोडलेले एक जोगते होते. वय साठीच्या पुढे, अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा. डोक्यावरचा जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, त्यांनी आधी खाली उतरवला, खुर्चीवर रुमाल पसरला, त्यावर जग ठेवला आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले. मी विचारलं, "तुम्हाला ते म्हणू की त्या?" म्हणाले, "काय बी म्हना, हाक ऐकू आली म्हंजे झालं."

प्रश्नावलीत एक रकाना होता. समलिंगी, भिन्नलिंगी, उभयलिंगी. यांपैकी एकावर खूण करा. मी वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "सर, ह्यो 'सम' म्हंजे कुनासंगं सम?"

मी शिकवायच्या सवयीने समजावलं. तुमचं लिंग आणि तुम्हाला आवडणाऱ्या माणसाचं लिंग एकच असेल, तर सम. वेगळं असेल, तर भिन्न.

"आन् माझं काय धरलंय तुमी?"

माझ्या हातातली पेन्सिल तिथेच थांबली. काय धरलं होतं मी? जन्माच्या दाखल्यावरचं धरू? अंगावरचं लुगडं धरू? देवीने दिलेलं धरू? त्यांनीच माझी सुटका केली. म्हणाले, "मला गडी मानूस आवडतो. येवढं लिवा की. माझं काय हाय, ते आई बघून घेईल."

मित्रहो, आजचं माझं सगळं व्याख्यान या एका वाक्याचं भाष्य आहे. तीन मुद्दे मांडतो. हे शब्द आले कुठून? नव्या शब्दाने सुटतं काय? आणि त्याच्याने सुटत नाही ते काय?

पहिला मुद्दा. शब्द आले कुठून?

'होमोसेक्शुअल' हा शब्द आपल्याला आदिम वाटतो. जगाच्या आरंभापासून माणसं अशी विभागलेली होती आणि आपण फक्त पाट्या लावल्या, असं वाटतं. पण ही पाटी १८६८ सालची आहे. कार्ल मारिया कर्टबेनी नावाच्या लेखकाने एका खाजगी पत्रात ती पहिल्यांदा लिहिली आणि पुढच्याच वर्षी प्रशियाच्या कायद्याविरुद्ध काढलेल्या पत्रकांत छापली. पुरुषापुरुषांतल्या संबंधांना तो कायदा तुरुंगाची शिक्षा देत होता. म्हणजे हा शब्द डॉक्टरच्या खोलीत जन्मला नाही. तो एका अन्यायाशी भांडताना जन्मला. डॉक्टरांनी तो नंतर उचलला आणि त्याचा रोग केला.

आणि 'अँड्रोफिल'? तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनचे डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी वापरला. हे तेच हिर्शफेल्ड, ज्यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. त्याआधी, १९३१ साली, जगप्रवासात ते भारतातही येऊन गेले होते. त्यांच्या वर्गीकरणात 'अँड्रोफिल' म्हणजे विशीच्या सुरुवातीपासून पन्नाशीपर्यंतच्या पुरुषांकडे ओढ असणारे. इथे जरा थांबा. हा शब्द जन्मला तोच मुळी 'प्रौढ पुरुष' हा अर्थ पोटात घेऊन. "यांच्यापासून मुलांना जपा," असं जे सर्रास बोललं जातं, त्याला या शब्दाच्या जन्मानेच उत्तर दिलं आहे. मुलांवर अत्याचार हा गुन्हा आहे. तो करणारा कुणीही असो, गुन्हाच आहे. त्याचा पुरुषानुरागाशी संबंध जोडू नका.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' काढत होते. १९२७ ते १९५३, जवळजवळ एकट्याच्या बळावर. वाचक त्यांना नाव-गाव न देता प्रश्न विचारत, ते सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीही विचारणा होती. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी वाचक हे प्रश्न मराठीत विचारत होता, मराठी संपादक मराठीत उत्तर देत होता आणि बाबासाहेब त्या उत्तराच्या बाजूने कोर्टात उभे राहिले होते. तेव्हा "हे सगळं परदेशी फॅड आहे," असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी दादरच्या ग्रंथालयात पाठवा.

आता दुसरा मुद्दा, आणि हाच मुख्य. या शब्दाने सुटतं काय?

'समलिंगी' हा तुलनेचा शब्द आहे. 'समवयस्क' म्हटलं की आधी तुमचं वय लागतं, मग माझं. 'समलिंगी' म्हणायचं, तर आधी बोलणाऱ्याचं लिंग पक्कं करावं लागतं. म्हणजे 'तुला कोण आवडतं' असं विचारायला जायचं आणि दारातच 'आधी तू कोण ते सांग' म्हणून अडवायचं. ज्याला त्या दारात अडचण येत नाही, त्याला हे जाणवतही नाही. मला नव्हतं जाणवलं. जोगत्यांना जाणवलं.

हॅरी बेंजामिन या डॉक्टरांनी १९६६ साली लिंगबदल इच्छिणाऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनाही हाच खडा लागला. पुरुषाच्या शरीरात जन्मलेली, मनाने स्त्री असलेली व्यक्ती पुरुषावर प्रेम करते. ती समलिंगी का? त्यांचं उत्तर होतं, होय आणि नाही. शरीर पाहिलं तर होय, मन पाहिलं तर नाही. एकाच माणसाचं एकच प्रेम, आणि पाटी मोजणाऱ्याच्या फुटपट्टीवर ठरणार! 'पुरुषानुरागी' म्हणा, प्रश्नच मिटतो. ओढ कुणाकडे? पुरुषाकडे. संपलं.

म्हणूनच संशोधकांनी हा शब्द पुन्हा बाहेर काढला. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर 'फाफाफिने' म्हणून ओळखली जाणारी माणसं आहेत. त्या नावाचा अर्थच 'बाईच्या रीतीचे'. जन्माने पुरुष, राहणं-वागणं बरंचसं बाईसारखं, ओढ पुरुषांकडे. ती स्वतःला गे म्हणवत नाहीत. त्यांचे जोडीदारही म्हणवत नाहीत. पॉल व्हेझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिथे पाश्चात्त्य पाट्या चालेनात. मग 'अँड्रोफिलिक' हा शब्द घेतला. त्या अभ्यासात एक गोड गोष्ट निघाली. इतर पुरुषांपेक्षा ही माणसं भाचेपुतण्यांसाठी जास्त राबायला तयार असतात. जपानमध्ये, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये तसं आढळलं नाही, तेव्हा त्यावरून मोठे सिद्धांत नकोत. पण ज्या समाजात 'मामा' या शब्दालाच एक ऊब आहे, त्याला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही.

आता व्याकरण. गुरुजींसाठी.

मी चहा पितो. मी चहा पिते. रेडिओवर नुसता आवाज ऐकला तरी कळतं, पहिला बाप्या, दुसरी बाई. मराठी क्रियापद चहाडखोर आहे, बोलणाऱ्याचं लिंग लगेच सांगून टाकतं. आता हे ऐका. मला आंबा आवडतो. मला चिंच आवडते. मला लोणचं आवडतं. क्रियापद कुणाच्या मागे गेलं? आंब्याच्या, चिंचेच्या, लोणच्याच्या. बोलणारा कोण, याची या क्रियापदाला पर्वाच नाही! 'मला' बिचारं एका कोपऱ्यात चतुर्थीत उभं. मान सगळा आवडणाऱ्याचा.

मला तो आवडतो. हे वाक्य बाई म्हणेल, बाप्या म्हणेल, जोगते म्हणतील, अजून स्वतःचं काही ठरलं नसलेलं सतरा वर्षांचं पोर म्हणेल. वाक्य बदलणार नाही. काना नाही, मात्रा नाही, काही बदलणार नाही. जे सांगायला शास्त्राला ग्रीकमधून शब्द उसना आणावा लागला, ते मराठी आजी रोज आमटीबद्दल बोलताना सांगत आली आहे.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर. वरच्या खोलीत एक भाडेकरू येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. बहीण अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते. जुन्या पाट्या लावा. भाऊ समलिंगी, बहीण भिन्नलिंगी. एकाच छताखाली दोन विरुद्ध जाती! आता नवा शब्द लावा. तनयला तो आवडतो. अनुजाला तो आवडतो. दोघंही पुरुषानुरागी. आणि दोघांना सोडून तो गेल्यावर जे दुःख उरतं, त्याला मात्र कुठल्याच काळी दोन जाती नव्हत्या.

याच मुद्द्याचं एक उपकलम. आपण तीन प्रश्नांची एक मोळी बांधून ठेवली आहे. मी कोण? मी चालतो-बोलतो-नेसतो कसा? आणि मला आवडतं कोण? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गल्लीत या तिन्हींना मिळून एकच शिवी आहे, 'बायल्या'. हात हलवून बोलणारा मुलगा दिसला की आपण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर परस्पर लिहून मोकळे होतो.

मराठी सिनेमाने ही मोळी सोडवून दाखवली आहे, आपलं लक्ष नव्हतं. २००९ साली 'जोगवा' आला. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवरचा. त्यातला तायप्पा जोगता आहे, लुगडं नेसतो, जग डोक्यावर घेतो, आणि प्रेम करतो एका जोगतिणीवर. पाठोपाठ २०१० च्या एक जानेवारीला 'नटरंग' आला. पैलवानी अंगाचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो, कंबर लचकवायला शिकतो, आणि सारं गाव त्याच्या चालीवरून त्याची ओढ ठरवून टाकतं. दोन्ही सिनेमांना आपण गर्दी केली, दोन्ही वेळा डोळे पुसले. आणि घरी येऊन शेजारच्या मुलाला पुन्हा 'बायल्या' म्हणालो!

उलट बाजूही आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात तृतीया प्रकृतीचे दोन प्रकार सांगितले. एक स्त्रीरूपाचा, एक पुरुषरूपाचा. पुरुषरूपाचा जो आहे, तो आपली इच्छा लपवून ठेवतो आणि अंग रगडण्याच्या धंद्यावर पोट भरतो, असंही नोंदवलं. म्हणजे दिसायला चारचौघांसारखा, ओढ पुरुषांकडे, आणि तोंडाला कुलूप. ओळखीचा वाटतो ना हा माणूस? आजही तो दाढी-मिशी राखून आहे, बँकेत नोकरीला आहे, आणि दिवाळीला घरी जायचं टाळतो आहे, कारण तिथे लग्नाचा विषय निघतो.

तिसरा मुद्दा. या शब्दाने सुटत नाही ते काय? कुठलाही शब्द विकायला मी इथे आलो नाही, तेव्हा त्याची खोटही सांगतो.

पहिली खोट. व्याख्येत म्हटलंय, 'पुरुष किंवा पुरुषीपणा'. हा 'किंवा' फार मोठा आहे. माणूस आवडतो की त्याची दाढी? आवाज? चाल? की त्याने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला, तो क्षण? एका गावातला पुरुषीपणा दुसऱ्या गावात उद्धटपणा ठरतो. शब्द दिशा दाखवतो, मुक्काम दाखवत नाही.

दुसरी खोट. हा शब्द तनय आणि अनुजाला एका रांगेत बसवतो खरा, पण त्यांची आयुष्यं एका रांगेत नसतात. अनुजाला कायद्याने कधीच गुन्हेगार म्हटलं नाही. तनयसारख्यांना १८६० च्या दंड संहितेतल्या कलम ३७७ ने म्हटलं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सोडवलं, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अडकवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने मोकळं केलं. लग्नाचं दार मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने बंदच राहिलं. ज्यांनी शिवी खाल्ली, खटले लढवले, त्यांना 'गे' हा शब्द हवा आहे, कारण त्या शब्दाखाली त्यांनी एकत्र येऊन लढा दिला. १९९० साली अशोक राव कवींनी मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. ही पाटी त्यांनी घाम गाळून कमावली आहे. ती काढून घ्यायचा अधिकार कुठल्या प्राध्यापकाला नाही.

तिसरी खोट. या शब्दाला प्रयोगशाळेचा वास आहे. मोजणी करणाऱ्यांच्या पाट्यांना तो असतोच. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात 'एमएसएम' अशी पाटी आहे, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. ती मोजणीला उपयोगी आहे, पण 'ठेवणारे' ही करण्याची गोष्ट झाली, आवडण्याची नव्हे. आणि वस्तीत उतरलात, तर तिथे 'कोती' आणि 'पंथी' हे शब्द भेटतात. गंमत अशी की कोती स्वतःला कोती म्हणवतो, पंथी मात्र स्वतःला काहीच म्हणवत नाही. त्याला बायको आहे, पोरं आहेत, तो नुसता 'पुरुष' आहे. पाटी ही ज्याला गरज पडते, त्यालाच लावावी लागते.

मग 'सम' हा शब्द टाकूनच द्यायचा का? नाही. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात संस्था काढली, तिचं नाव ठेवलं 'समपथिक'. या 'सम'ला जोगत्यांचा प्रश्न विचारून पाहा. कुणासंगं सम? जो बरोबर चालतो, त्याच्यासंगं. इतकं सुंदर उत्तर 'समलिंगी'कडे नाही.

थोडक्यात सांगतो. 'समलिंगी' आधी बोलणाऱ्याची झडती घेतो, 'पुरुषानुरागी' घेत नाही. नेसणं, चालणं आणि आवडणं या तीन गोष्टी आहेत, एक नव्हे. आणि शास्त्राचा शब्द वहीत ठेवा, हाक मारायला ज्याचा त्याने निवडलेला शब्द वापरा.

एक विनंती सरकारला. तमिळनाडूने २०२२ साली या विषयावरच्या शब्दांची यादी राजपत्रात छापली, अधिकाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी काय म्हणावं याची. मराठीतही तशी हवी, आणि ती करताना जोगते, हिजडे, कोती यांना टेबलाच्या या बाजूला बसवा. तोवर आमच्या शाळेत शिकवलेलं गांडूळही 'उभयलिंगी' आणि ज्याला स्त्री-पुरुष दोन्ही आवडतात तो तरुणही 'उभयलिंगी', अशी आपली स्थिती आहे. गांडुळाची तक्रार नसेल. तरुणाची आहे.

दुसरी विनंती तुम्हाला. कधीतरी रात्री जेवणं झाल्यावर घरातलं कुणी तुमच्याजवळ येऊन बसेल आणि खाली बघत म्हणेल, "मला तो आवडतो." ते म्हणणारी मुलगी असली, तर काय विचारायचं हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तो कोण? कुठला? काय करतो? तुला नीट वागवतो ना? म्हणणारा मुलगा असला, तर आपण नेमके हे चार प्रश्न विसरतो आणि पाचवाच विचारतो, "म्हणजे तू कोण?" तो पाचवा गिळा. वाक्याचा कर्ता 'तो' आहे, त्याच्याबद्दल विचारा.

त्या प्रश्नावलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. समलिंगी, भिन्नलिंगी, उभयलिंगी हा रकाना आम्ही खोडला. त्या जागी छापलं, "तुम्हाला कोण आवडतं?" आणि खाली एक मोकळी ओळ.